मंगळावर गवत

अजमानच्या गोदीत, जिथे लाकडी गलबतं डागडुजीला येतात,
तिथे आम्ही अवकाशयान बांधलं.
पाण्याचा भंगार टँकर आडवा कापला,
सहा पाय जोडले, एसीची चेपलेली डक्ट बसवली,
आणि इचलकरंजीत यंत्रमागांचे मोडके पाय सांधत शिकलेलं
माझं वेल्डिंग
पहिल्यांदा कुणी कॅमेऱ्यातून न्याहाळलं.
"घासू नकोस, सांधा दिसू दे," हुमैद म्हणाला,
"हे यान गरिबांचं आहे."
तो दिग्दर्शक मला तिथेच पटला.

ताईच्या पत्रिकेत मंगळ होता.
अकरा स्थळं पोहे खाऊन परत गेली होती.
आता तोच मंगळ, गेरूची चारशे पोती,
ट्रेलरवर लादून आम्ही लिवाकडे निघालो.
गुलझमीर स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला,
वाळू तर तिथली आधीच लाल, अजून लाल कशाला?
हे कुणाला विचारायचं
ते कागदावर कुठेच नव्हतं.

तेरा दिवस धुकं.
नायिकेच्या हेल्मेटात वाफ धरायची.
मी काचेला आतून भांड्यांचा साबण चोळून दिला,
मग ती दिसायची, पण शिंकायची.
चौथ्या आठवड्यात निर्माता कुरियनचा फोन लागेना.
जेवण बिर्याणीवरून खुबूसवर आलं,
खुबूसवरून "उद्या नक्की" वर.
आमचे पासपोर्ट कपाटात, कपाट देऱ्यात,
देऱ्याच्या ऑफिसला कुलूप.
हुमैदने स्वतःची गाडी विकली, तिच्यावर नऊ दिवस निघाले.
दहाव्या दिवशी तो टॅक्सीत बसून गेला.

मग बैरुतहून दुसरा आला.
त्याने शेवट बदलला. त्याच्या शेवटात यान जळत होतं.
"पेटवणार कोण?"
"ज्याने जोडलंय त्याला माहीत, कुठून धरेल ते."

पण त्याआधी पाऊस झाला. दीड तास.
आणि आठवड्याभरात
मंगळ हिरवा झाला.

डोकीमागे शंभर दिरहम, रोख,
मंगळावरचं गवत उपटायचं.
आईबरोबर मी भुईमूग भांगलला होता,
ग्रह भांगलायची ही पहिलीच वेळ.
खुरपं नव्हतं, मी पत्र्याची पट्टी वाकवली.
टेकबहादूर पुढे, मी मागे, दोघं उकिडवे,
आणि वर ड्रोन, कुठे हिरवं राहिलंय ते दाखवत.
यानाच्या चौथ्या पायामागे
एक झुबका मी ठेवला.
का ते विचारू नका. कंबर दुखत होती असं म्हणा.

दीड वर्षाने शारजात लागला. शुक्रवार, रात्रीचा खेळ.
पुढच्या रांगेतली पोरं हसली, दोघं उठून गेले,
एक म्हातारे अरब गृहस्थ मात्र
दिवे लागले तरी पडद्याकडे बघत बसलेले.
एका पेपरने दीड तारा दिला: मंगळावर गवत, इतका गलथानपणा!
दुसऱ्याने चार: ते गवत म्हणजे आशेचं प्रतीक.
नामावलीत हुमैद "आभार" मध्ये, सगळ्यात खाली.
माझं नाव चुकलेलं. रेंदाळकरचं रेंडलकार.
कुणा फ्रेंच माणसाचं वाटावं.

आग चांगली आली होती, ते मान्य करायला हवं.
सांधे शेवटपर्यंत सुटले नाहीत.

ताईने तो मोबाइलवर पाहिला, तीन बैठकांत,
मधे दळण आणून.
म्हणाली, गोष्ट काही कळली नाही बघ.
ती बाई रडते कशाला?
मग थोडं थांबून,
आवाज बारीक करून:
"त्या पायामागं काय रे उगवलंय?
हराळी का?"