पाणी समितीची तिसरी सभा
(बूगनव्हिल बेट, युद्धानंतर)

सभा नऊची होती. साडेअकराला सुरू झाली.
हे मी वहीत लिहीत नाही.

वरची वाडी नीरफणसाच्या सावलीत,
खालची वाडी चर्चच्या पायऱ्यांवर,
मधे चार कोंबड्या आणि मी, सचिव,
कारण शाळा बंद होत्या त्या वर्षांतही
आईने मला कोळशाने लिहायला शिकवलं.

आधी बुकाहून आलेले साहेब बोलले:
सलोखा, पुनर्बांधणी, लोकसहभाग.
नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.
भरती गाठायची म्हणून ते बोटीकडे पळाले,
मग सुपारी फुटली.

पर्पेतुआने चुन्याची डबी खाली धाडली.
पायऱ्यांवर ती तशीच पडून राहिली.
लढाईत कुणी कुणाच्या हातचा चुना घेत नसे.
शेवटी म्हातारा सिल्वेस्तर म्हणाला,
माझं तसंही काय उरलंय,
आणि बोट चाटून स्वस्थ बसला.
आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.
मेला नाही.
मग हळूहळू सगळ्यांचे ओठ लाल.

विषय पहिला. झरा वर,
पर्पेतुआच्या आजीकडून आईकडे, आईकडून तिच्याकडे आलेल्या जमिनीत.
तहान खाली.
मधला पाइप चाळीस फूट गायब.
"कापला कुणी?" खालच्या वाडीच्या गॅब्रिएलने विचारलं,
जसं काही माहीतच नाही.

नाकेबंदी होती तेव्हा. बोटीने मीठसुद्धा येत नव्हतं,
बंदुका कुठून येणार?
त्या आम्ही पाण्यातून काढल्या.

वरच्या वाडीतला इग्नास उठला, काही न बोलता गेला.
वाटलं, सुटला हा.
आला तो काखेत केवड्याची चटई घेऊन,
चटईत हत्यारं जमा करायच्या दिवशी
जमा न केलेलं.
दस्ता वाळवीने खाल्लेला, चाप म्हणजे वाकवलेला खिळा,
आणि नळीवर अजून सरकारी हिरवा रंग.

कुणीतरी टेप आणली. सवयच लागली होती मोजायची.
अडीच फूट.
"मग राहिले साडेसदतीस," गॅब्रिएल म्हणाला,
आणि हसू फुटलं आम्हाला, भलतंच, पोट धरून,
दोन्हीकडे.

ते ओसरायच्या आत रोझालियाने विचारलं,
खालच्या वाडीची रोझालिया,
जी दोन सभांत तोंडातून चकार शब्द काढत नव्हती:
"हिने कुणाला?"

इग्नासने तिच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं.
पूर्ण नाव. आईच्या कुळासकट.

कोंबड्या टोचत होत्या जमीन.
माझ्याकडे या विषयाला क्रमांक नव्हता.
"डुक्कर मी देते," पर्पेतुआ म्हणाली, "मोठं. आणि शंखांच्या माळा."
"डुक्कर नंतर," रोझालिया म्हणाली. "आधी हाडं."
"ठाऊक आहे मला जागा," इग्नास म्हणाला, जमिनीकडे बघून.
"ओढ्यापलीकडे. उद्या नेतो."
"उद्या नाही. जेवून निघू."

आणि उठता उठता माझ्या वहीकडे बोट दाखवून:
"पाइप पुरा चाळीस फूट मागव गं.
ती नळी माझ्या नातवंडांच्या पाण्यात नको."

ठराव दुसरा: पाइप, चाळीस फूट.
(साडेसदतीस लिहिलेलं खोडलं आहे. सही.)
ठराव तिसरा: सदर तुकड्याचं काय करावं,
पुढच्या सभेत ठरेल.
तोवर ताबा सचिवाकडे.

म्हणून ती आता माझ्या घरी आहे,
दस्ता काढून, दाराआड, झाडूशेजारी.
संध्याकाळी डोंगरातून परत येणारे दिवे दिसले,
एका रांगेत, कुठला कुणाचा कळेना.
मी बघत उभी, आणि मागे माझा मुलगा,
सहा वर्षांचा, ओरडायच्या आत
नळी तोंडाला लावून मोकळा.

फुंकली त्याने, गाल फुगवून.
इकडून तिकडे वारं गेलं.
नुसतं वारं.