एक पॉइंट तीन

माहीमला, सिटीलाइटच्या मागच्या गल्लीत,
दुसरा मजला, लिफ्ट बंद.
भिंतीवर कायद्याचा बोर्ड,
बोर्डाखाली काचेच्या पेटीत एकच मासा.
फॉर्मवर रकाना होता: जिवंत अपत्ये.
मी शून्य लिहिलं,
आणि 'जिवंत'पाशी पेन जरा जास्तच टेकलं.
शाई पसरली.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, चालेल.

डॉक्टर फुर्टाडो जेल लावतात. गार.
मागच्या वर्षी, आठव्या आठवड्यात,
दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर असेच गप्प झाले होते
आणि मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला होता.
म्हणून आज मी पडद्यावरचं काही बघत नाही,
त्याच्या बिजागरीकडे बघते.
वळत नाही.
अजून तरी वळत नाही.

"पाठ करून झोपलंय," त्या म्हणतात.
"मानेमागचं माप मिळेना.
वीस मिनिटं चालून या, काहीतरी गोड खा."

मी आणि माझी नणंद हेमांगी
गोपी टँकच्या बाजारापर्यंत चालतो.
कोळीण सुरमई पाठीकडून धरून कापतेय,
मी नजर काढून घेते.
हेमांगी खरवस घेते, वेलचीचा,
आणि म्हणते, मुद्दाम करतंय गं,
खानविलकरांचं आहे ना.
मी हसते. मग हसले म्हणून घाबरते.

मी दातांच्या लॅबमध्ये असते, ग्रँट रोडला.
मेणाच्या दाढा कोरते.
दाढ अर्धा मिलिमीटर उंच झाली
तर माणूस रात्रभर तिच्यावर जीभ फिरवत बसतो.
अर्ध्या मिलिमीटरचं मला कुणी शिकवायला नको.
पण मानेमागच्या एवढ्याशा पाण्यावर
घरातली सगळी माणसं टांगता येतात,
हे ठाऊक नव्हतं.

परत आलो तर वळलेलं.
(श्रेय हेमांगीच्या खरवसाला.)
पडद्यावर बेरजेच्या दोन खुणा,
मध्ये काळी फट.
"एक पॉइंट तीन," डॉक्टर मशीनलाच सांगतात.
"नाकाचं हाड दिसतंय."
चांगलं का, असं मी विचारत नाही.
आकडा नुसता तोंडात धरून ठेवते.

मग त्या एक बटण दाबतात
आणि करड्या रेघांतून वर येतं काहीतरी,
थेट माझ्या मेणाच्या रंगाचं.
गुडघा.
कपाळ, अंगाच्या मानानं फारच मोठं.
डोळ्यांच्या जागी कुणी अंगठा दाबल्यासारखं.
आणि एक हात नाही.

"सावली आहे ती," डॉक्टर म्हणतात,
बहुतेक माझा श्वास ऐकून.
हातातलं यंत्र तिरपं करतात, थांबतात, पुन्हा तिरपं.
हात येतो.

"कुणासारखं दिसतं हो?" हेमांगी.
"अजून कुणासारखंच नाही.
रक्ताचा रिपोर्ट मंगळवारी.
आम्ही शक्यता सांगतो, खात्री नाही."

मंगळवार म्हणजे चार दिवस.
त्यात उद्या एका आजोबांची कवळी द्यायचीय.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं,
दुधाच्या दातांचे अंकुर याच सुमारास
हिरडीच्या जागी येऊन बसलेले असतात.
वीस.
मशीनला ते दिसले नाहीत,
मीही कुणाला बोलले नाही.
फक्त जिना उतरताना
माझ्याच दातांवरून जीभ फिरवत गेले,
मोजत.