एकाहत्तर हजार तीनशे चार

माझं काम खुर्च्या मोडायचं.
बाकी सगळं गाव त्या करतं.
नातिझोने नदीच्या या काठावर
कोणाच्याही कोटाचा खिसा झटका,
आधी भुसा पडेल, सुटे पैसे मागून.

मोडते म्हणजे मी नाही, यंत्र मोडतं.
त्याला एक बूड आहे, गुळगुळीत,
ना लाज, ना थकवा.
बसतं. उठतं. बसतं.
एकशे तीस किलोचा एक माणूस
ज्याला कुठे जायचं नाही
आणि घरी कोणी वाट बघत नाही.
मी आकडा बघते.
लाखापर्यंत टिकली, तर तिच्या बहिणी जगात जातात.

मार्चमध्ये तांक्रेदी आला, मिलानहून,
कानात बाळी, बगलेत खुर्ची.
तीनच पाय, आणि पाठ अशी
की कोणी वळून बघताना मधेच थांबलंय.
संगणकावर सगळे जोर काढलेत, म्हणाला,
लाल कुठे नाही, सगळं हिरवं.
मी म्हटलं, बरं.
बुडाशी नंबर डकवला. बेचाळीस.

तिची पाठ आमच्याच गल्लीत वाकवलेली,
एर्मेसच्या कारखान्यात.
अ‍ॅशची पट्टी पन्नास मिनिटं वाफेच्या पेटीत,
दार उघडलं की ओल्या पावाचा वास,
मग दोघं जण, जाड हातमोजे, दहा सेकंद.
दहाच सेकंद लाकूड ऐकतं,
अकराव्याला पुन्हा झाड होतं.
बाहेरून पोलादी पट्टा, साच्यावर ओढायचं,
पकडी आवळायच्या, बोलायचं नाही कोणी.
पाच दिवस कोरड्या खोलीत ठेवायची,
पाठीला नवी सवय लागेपर्यंत.
मग पाच अक्षांचं यंत्र खाचा पाडतं,
केसाचाही फरक नाही.
आणि शेवटी लुचीला, एर्मेसची बायको,
पॉलिशकागद घेऊन बसते, डोळे मिटून.
डोळे, ती म्हणते, मधे मधे करतात.

तांक्रेदी हॉटेलवर गेलाच नाही.
कॉफीच्या यंत्राशेजारी आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर,
जिची परीक्षा कधी कोणी घेतली नाही,
दोन रात्री बसून राहिला.
भिंतीपलीकडे ते दुसरं बसणं चालू.

आवाज मोठा नसतो.
झोपेत कोणी बोट मोडावं, तेवढाच.
एकाहत्तर हजार तीनशे चार.

दिव्याखाली उलटी धरली.
मागच्या पायाच्या खाचेत
लाकडाची रेघ तिरपी बाहेर पळालेली.
तिथे झाड कधीतरी कललं होतं,
उताराकडे की उजेडाकडे, त्याचं त्याला ठाऊक.
खाच चार मिलिमीटर वर घे, म्हटलं,
आणि पट्टी निवडताना कड बघायला सांग.

रडेल असं वाटलं होतं.
तो म्हणाला, आवाज पुन्हा ऐकता येईल?
एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
नाही रे, म्हटलं. एका खुर्चीचा एकदाच.

मेमध्ये नवी आली.
लाख झाले, तरी चालू ठेवलं,
एक लाख चाळीस हजारांवर मीच बंद केलं.
विजेचं बिल कोण भरणार?

नियम असा, की इथे येऊन गेलेली विकायची नाही,
पास असो नापास असो, भट्टीत जाते.
सगळ्याच जातात असं नाही.
माझ्या स्वयंपाकघरात सहा आहेत,
एकीचं दुसरीशी पटत नाही,
बुडाशी खडूने आकडे.
आई सत्तावीस हजारांवर बसते, ती हलकी आहे.
भाऊ सुटलाय, त्याला नव्वदवाली.
पाहुणे बिचकतात. मी म्हणते, बसा हो निवांत,
कुठून मोडणार ते मला माहीत आहे.

बेचाळीस नंबर कोणाला देत नाही.
पाय तारेने बांधलाय, वर कांद्यांची टोपली.
कधी उशिरा घरी आले
तर टोपली खाली ठेवते
आणि मोजे काढायला तिच्यावर टेकते.
मोजत नाही.