सवकास, बाय

फटीबाब बत्तीस वर्षं विंगेत बसले,
देवळापुढच्या मांडवात,
आधी कंदिलाच्या, मग बल्बच्या उजेडात.
राजांना शब्द दिले, राण्यांना दिले,
पिऊन आलेल्या एका सेनापतीला तर
अख्खा तिसरा अंक दिला.
स्वतः मात्र एकदाही पडद्यापुढे आले नाहीत.
म्हणूनच गेले मी त्यांच्याकडे,
ग्रामसभेला अकरा दिवस असताना.

शेवटची फेरीबोट साडेआठलाच थांबवणार होते.
माझी ड्युटी सुटते नऊला.
आणि चार माणसांत उभं राहायचं म्हटलं
की माझी जीभ वाळत घातलेल्या सुंगटासारखी होते.

चार पानं लिहून नेली होती.
त्यांनी चष्म्याशिवायच चाळली, परत दिली.
"ही कुणी बोलायची? तू काय कलेक्टर?"
('सन्माननीय' पाच वेळा आलं होतं.)
पहिलं वाक्य पाठ कर, म्हणाले, आणि शेवटचं.
मधलं पाठ करू नकोस,
मधलं ठाऊक असू दे,
दिवे गेल्यावर घरातली वाट ठाऊक असते तसं.

मग रोज संध्याकाळी वळवईच्या धक्क्यावर.
बोट लागताना इंजिन धडधडतं, त्याच्यावरून बोलायचं,
पण ओरडायचं नाही.
"ओरडलीस की गळाच तेवढा ऐकू येतो.
पोटातून काढ.
रॅम्पवर सायकल धरून उभा आहे ना पोदेर,
त्याला पोचलं पाहिजे.
पुढच्या रांगेचं काय, ती ऐकायलाच आलेली असते.
बोलायचं ते मागे सुपारी कातरणाऱ्याशी."

गुडघे ताठ धरू नकोस,
ताठ गुडघ्यांचे दोन अर्जुन मी पडलेले पाहिलेत.

हात कुठे ठेवू, विचारलं,
तर म्हणाले, बांगड्यांचा भाव करताना कुठे असतात?

"माफ करा, मला नीट बोलता येत नाही,"
अशी सुरुवात केलीस
तर लोक विश्वास ठेवतील.

आणि थांबायचं कसं,
हे शिकवायला मात्र चार दिवस घेतले.
वाक्य संपलं की ते नदीकडे बघत,
एक लाट धक्क्याला येऊन लागेपर्यंत
काहीच नाही.
मला वाटायचं, विसरले.
"विसरलो वाटलं ना तुला?
पण कान इथेच होते तुझे.
सवकास, बाय, सवकास."

रविवार. पंचायतीचा हॉल. दोन पंखे, एक चालू.
सरपंच मोबाइलमध्ये.
"मी नऊला सुटते. नदी तिथेच असते, बोट नसते."
कुणीतरी हसलं. बरं झालं हसलं.

मग कुंदाचं सांगितलं:
त्या रात्री पलीकडे तिच्याच घरचा दिवा दिसत होता,
आणि ती पुलावरून वळसा घालून
एकोणतीस किलोमीटर,
भाड्याच्या रिक्षातून,
भाडं झालं

भाडं

आकडा गेला.

मी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत फटीबाब.
आकडा त्यांना ठाऊक होता.
बत्तीस वर्षांची सवय, ओठ हलायलाच हवे होते.
त्यांनी ते घट्ट मिटले
आणि खिडकीबाहेर बघू लागले,
जणू तिथे नदी होती.

एक लाट.
दुसरी.
सरपंचांनी मोबाइल उलटा ठेवला.

"साडेपाचशे!"
मधल्या रांगेतून कुंदाच उठली,
"आणि वर त्याने चार शब्द ऐकवले, ते फुकट."

हॉल हसला. मग गप्प झाला,
आणि ती शांतता कुणाला मोडवेना.
पाठ केलेलं शेवटचं वाक्य
माझ्याकडेच राहिलं.

इतिवृत्तात लिहिलं, विषयाची नोंद घेतली.
बोट राहील की जाईल, अजून कुणी सांगत नाही.

परतताना फटीबाब म्हणाले,
"दुसऱ्या वाक्यात घाई केलीस."
आणि बऱ्याच वेळाने,
चप्पल काढून उंबऱ्यावर टेकल्यावर,
"हात बरे होते."