वीज भाडेकरूची

बिल आलं ते पेडणेकरांच्या नावानं.
द. ना. पेडणेकर जाऊन तीन वर्षं झाली,
वीज कंपनीला कुणी कळवलं नाही.
त्यांच्या नावावर आमचा पंखा फिरतो,
आमचं दूध टिकतं,
आणि मे महिन्यात त्यांनी मागितले
सात हजार आठशे चाळीस.

कुणी वाचत नाही ती मागची बाजू मी वाचली.
स्थिर आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार.
इतके आकार, आणि एकही डोळ्यांना दिसत नाही.
शंभरच्या पुढे एक दर, तीनशेच्या पुढे दुसरा,
युनिट जिना चढत गेलेले थेट सहाशे एकोणीसपर्यंत.
आम्ही तर दुसऱ्याच मजल्यावर राहतो,
मुलुंड पूर्व, मिठागर रोड.

मग घरात व्रत सुरू झालं.
पंखा दोनवर.
इस्त्री रविवारी, तीही फक्त कॉलरला,
बाकीचा शर्ट खोचला की झाकतो.
सोलापूरहून सासूबाई म्हणाल्या, माठ घ्या.
सिद्राम म्हणाला, तुझा मोबाईल रात्रभर चार्जिंगला असतो.
मी म्हणाले, आणि तुझी मॅच?
ते भांडण आम्ही ट्यूब बंद करून केलं,
तेवढीच बचत.

पेडणेकरांचा मुलगा निशिकांत फोनवर गोड बोलला,
"करारात आहे ना वहिनी, वीज भाडेकरूची."
आहे. अकरा महिन्यांचा करार, कलम नऊ.
कलम दहा: आतली खोली मालकाच्या ताब्यात, कुलूपबंद.

खाली मिक्सर दुरुस्त करणाऱ्या इर्शादनं
पैसे घेतले नाहीत, एक वाक्य दिलं,
"घरातलं सगळं बंद करा, मग बघा मीटर काय म्हणतो."

रात्री अकराला मी जिन्याखाली उकिडवी.
सतरा मीटर, सतरा लाल ठिपके.
वरून सिद्रामचा आवाज, "झालं, सगळं बंद!"
आमचा ठिपका लुकलुकतच राहिला,
तापातल्या पोराच्या नाडीसारखा, घाईघाईनं.

वर येऊन कुलपाच्या दाराला कान लावला.
आत पाणी ठिबकत होतं.
दीड महिना तो आवाज
वरच्या डिमेलोंचा समजून
आम्ही झोपत होतो.

शनिवारी निशिकांत किल्ली घेऊन आला.
पलंग, गुंडाळलेली गादी,
अजून न टांगलेला वडलांचा फोटो,
आणि पलीकडच्या न्हाणीत गीझर चालू.
एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लग्नाला आला होता,
एक रात्र राहिला, एक आंघोळ केली,
नळ नीट मिटला नाही,
बटणाचं तर भानच राहिलं नाही.
तेव्हापासून पाणी तापत होतं, ठिबकत होतं,
पुन्हा तापत होतं,
कुणाच्याच अंगावर न पडता.

त्यानं बटण बंद केलं. खट्.
"बाबा ओरडायचे, दिवा घालवायला विसरलो की."
मग फोटोकडे न बघता,
"निम्मं निम्मं करू या का?"
मला खूप काही म्हणायचं होतं.
डिपॉझिटचे साठ हजार त्याच्याकडे आहेत हे आठवलं
आणि तोंडातून आलं, "चहा घेणार?"

कुलूप लागायच्या आधी सिद्राम आत गेला,
हातात बादली.
बोलला काहीच नाही.
नळ पूर्ण सोडला. वाफ दारापर्यंत आली.
एक बादली, दुसरी, मग कपडे भिजवायचा टब.
निशिकांत किल्ली धरून उभा,
चहावर साय धरली.

तो गेल्यावर, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
आम्ही पाळीपाळीनं कढत पाण्यानं न्हालो,
तांब्यामागून तांब्या,
अंग लाल होईपर्यंत.
त्यातलं निम्मं पाणी निशिकांतचं होतं.
कुठलं निम्मं, ते काही आम्ही विचारलं नव्हतं.