एकशे तीसची शिट्टी

जाहिरातीत फार लिहिलं नव्हतं.
लान्चा फ्लामिनिया, दोन दारांची, सन त्रेसष्ट, रंग राखाडी.
खरं तर सर येऊन गेल्यावर त्रिएस्तेच्या धक्क्याजवळ
पाण्याला जो येतो, तो रंग.
पण असं लिहिलं की लोक किंमत पाडून मागतात.

अकरा फोन आले.
एकाला ती लग्नांसाठी भाड्याने हवी होती.
एकाला नुसतं इंजिन.
त्याला म्हटलं, राँग नंबर.

बारावी ही रोसविता. ग्राट्सहून रेल्वेने आली,
चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करते म्हणाली.
गळ्यातला स्कार्फ फरशीवर अंथरून
सरळ गाडीखाली गेली.
मग कलिंगड पारखावं तसं
बोटाच्या पेराने दार वाजवून पाहिलं,
कान लावून.
मी मनातल्या मनात तीनशे युरो कमी केले.

तिच्यापुढे वह्या ठेवल्या. तीन.
तेल दर तीन हजारांना.
ब्रेकचं तेल दोन वर्षांनी, गरज असो नसो.
चौदा मार्च एक्याण्णव: घड्याळ चार मिनिटं मागे, लावलं.
बोरा वारा सुटला की गाडी बाहेर नाही,
हे पहिल्याच पानावर, लाल शाईत.
तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना,
मी तळहाताला फोड येईस्तोवर जपली.

"किती लांब गेलीय ही?"
एकसष्ट हजार, मी म्हटलं, माझ्या चाळीस वर्षांत.
"तसं नव्हे. लांब."

मी आठवू लागलो.
रविवारी ओपिचीनापर्यंत चढ, आणि परत.
मुज्जा, मासळी खायला.
एकदा गोरित्सियाला, दाराच्या रबरासाठी,
तेही ऐंशीच्या आत.
घाण्याचा बैलही चालतोच की एकसष्ट हजार.

तेवढ्यात तिने पुढचा कप्पा उघडला.
पोर्तुगालचा नकाशा. घड्या अजून कडक,
इस्त्रीतून काढल्यासारख्या.
ओन्दिनाने आणला होता, गाडी आणली त्याच वर्षी.
येत्या जूनला, मी म्हणायचो.
जूनमध्ये रेडिएटर बघायचा असे,
किंवा टायर नवे असत,
किंवा जुने.
शेवटी शेवटी तीच म्हणू लागली, येत्या जूनला,
आणि हसायची. तिच्या हसण्यात चेष्टा किती
हे मी कधी मोजलं नाही;
तेलाची पट्टी मात्र रोज बघत होतो.

"हा तुमचा," म्हणत रोसविताने नकाशा पुढे केला.
गाडीबरोबर आहे, मी म्हटलं.
जॅक, पाना, नकाशा.

पैसे मोजून झाले. किल्ली देताना
चोक कसा ओढायचा ते दोनदा सांगितलं.
ती दोनदा म्हणाली, हो.
वळणावर तिने ब्रेकला पाय लावला नाही.
गाडीही, हरामखोर, जराही कुरकुरली नाही.

गॅरेजमध्ये दिवा लावून उभा राहिलो.
फरशीवर तेलाचा एक थेंब नाही.
चाळीस वर्षं येईल त्याला हेच दाखवत आलो.
आज वाटलं, एखादा तरी हवा होता.

रात्री साडेदहाला तिचा फोन.
पोचले. मारिबोरच्या पुढे रस्ता मोकळा होता,
म्हणून जरा पाय दाबला.
एकशे तीसला शिट्टी वाजते,
उजवीकडच्या तिकोनी काचेतून. सूर मात्र स्वच्छ, अजिबात हलत नाही.
"तुम्हाला माहीत असेलच."
हो, मी म्हटलं.
"बुजवून टाकू?"

नंतर वही शोधली. वह्या तर तिच्याकडे.
मग विजेच्या बिलामागे लिहिलं,
तारीख घालून, नेहमीच्या रकान्यांत:
वेग एकशे तीस. शिट्टी. उजवी काच.
दुरुस्ती: नको.