अकरा दिवस

सूर गावात, औषधांच्या दुकानावर
माझी एकच खोली:
दोन खाटा, एक पडदा, गरम मेणाचं भांडं,
आणि बँकेनं दिलेलं कॅलेंडर.

त्यावर अकरा दिवस आखलेत पेन्सिलीनं.
गेल्या वर्षीचे खोडले
तेव्हा कागद तिथं पातळ झाला होता.

बार्शीहून भाऊ विचारतो, कुणाचं लग्न आहे का गं?
कुणाचंच नाही.
मग कुणी आजारी?
नाही रे. माझा अंगठा दुखतोय.
तो हसतो. अंगठ्यासाठी विमानाचं तिकीट!

तेरा वर्षं या दोन अंगठ्यांवर
दुकान उभं आहे.
मी निघाले की खोलीही निघते माझ्याबरोबर,
भाडं तेवढं मागं राहतं.

रात्री हिशेब मांडते:
अकरा दिवस गुणिले नऊ पेशंट,
अधिक भाडं, अधिक वीज
(बंद एसीचंही काहीतरी येतंच),
वजा
वजा काय, ते अजून सुचलेलं नाही.

नासर टेलरचा गुडघा नवा, सहा आठवड्यांचा,
आत्ता कुठे नव्वदपर्यंत वाकतोय.
जोस्लिन सिस्टर म्हणते, तू जा, मी बघते सगळं;
तिचीच कंबर दर मंगळवारी माझ्या हातात असते.
सोहारचा एकजण बदली यायला तयार झाला.
त्यानं विचारलं, किती दिवस?
मग विचारलं, परत येणार ना?
प्रश्न आवडला नाही.
उत्तर लगेच आलं नाही, तेही.

खमीसबाबा जुने सुतार, गलबतं बांधायचे.
उजवा खांदा गोठलेला.
त्यांना दोरी दिली, कप्पी दिली,
दाराला बांधा, रोज वीस वेळा ओढा,
मी नसेन, म्हटलं, चोरी कबूल करावी तसं.
त्यांची हिंदी गोदीतली, अर्धी खारट.
म्हणाले, फळी वाकवली की बांधायची
आणि घरी जाऊन जेवायचं.
समोर बसून राहिलं
म्हणून ती लवकर वाळत नाही.

आज दारावर कागद लावला.
बंद राहील, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत.
कारण लिहिलं नाही.
अरबी खालच्या फार्मासिस्टनं तपासून दिलं,
त्याखाली नासरनं मल्याळममध्ये
आपणहून एक ओळ जोडली.
मला ती वाचता येत नाही.
काय लिहिलंस रे?
काही नाही दाक्तर, म्हणाला,
गुडघा सांभाळत एकेक पायरी उतरताना,
येणार आहे, एवढंच.